रात्रीची इमर्जन्सी: महापालिकेचे मोठे रुग्णालय की खासगी?

हा आढावा मुंबई-ठाण्यातल्या अशा कुटुंबासाठी लिहीत आहे, ज्याच्या घरी वयस्कर माणूस आहे, कपाटात मेडिक्लेमचे कार्ड आहे आणि म्हणून रात्री-अपरात्री काही झाले तर कुठे जायचे हे ठरवण्याची मुभा आहे. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. तो केईएम, सायन, नायर, कूपर किंवा जेजे यांपैकी जे जवळ असेल ते गाठतो. ईसीजी, ऑक्सिजन, सीटी स्कॅन, व्हेंटिलेटर दोन्हीकडे असतात, तेव्हा यंत्रांची यादी देण्यात अर्थ नाही. मी वडिलांना दोन्ही दारांतून आत नेले आहे, तेही जवळपास एकाच तक्रारीसाठी, म्हणजे दम लागणे आणि आडवे होता न येणे यासाठी. पुढचे सगळे त्या अनुभवाच्या आधारावर आहे. मोजमाप माझ्याकडे नाही.

महापालिकेच्या रुग्णालयावर बहुतेकांचा पहिला आक्षेप गर्दीचा असतो आणि तो खरा आहे. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण वाढतात, तेव्हा वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून रुग्ण ठेवलेले दिसतात आणि अपघात विभागात ट्रॉली फिरवायला जागा उरत नाही. मात्र ही गर्दी ‘उगाच येणाऱ्या’ लोकांमुळे होते ही समजूत मला आता पटत नाही. ओपीडीचा केस पेपर सकाळी निघतो आणि दुपारपर्यंत खिडकी बंद होते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला, चार घरची कामे करणाऱ्या बाईला किंवा सोसायटीच्या वॉचमनला सकाळची ओपीडी म्हणजे एका दिवसाचा खाडा असतो. असा माणूस तीन दिवस अंगावर ताप काढतो आणि चौथ्या रात्री अपघात विभागात येतो. तोपर्यंत तो खरोखरच इमर्जन्सी झालेला असतो. 2022 पासून मुंबईत सुरू झालेल्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ या छोट्या दवाखान्यांपैकी काही रात्री 10 पर्यंत उघडे असतात आणि या वर्गाला त्यांचा उपयोग होतो, पण रात्री 10 नंतरचा ताप पुन्हा मोठ्या रुग्णालयाच्याच दारात येतो.

मध्यमवर्गाची कारणे निराळी आहेत, पण ती कमी खरी नाहीत. रात्री दार वाजवले तर बॅग घेऊन येणारा फॅमिली डॉक्टर बहुतेक भागांत उरलेला नाही. जो आहे तो फोनवर सांगतो, ‘रिस्क नको, मोठ्या हॉस्पिटलला दाखवा,’ आणि त्याचेही चुकत नाही, कारण छातीतली कळ पित्ताची आहे की हृदयाची हे ईसीजी काढल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. सकाळी पित्त निघाले म्हणून तो रुग्ण रात्री उगाच आला होता असे म्हणणे फार सोपे आहे. ते म्हणणाऱ्याच्या हातात ईसीजीचा कागद असतो, रुग्णाच्या हातात तो नव्हता.

शिवाय किरकोळ तक्रारीचा रुग्ण जागा फारशी अडवत नाही. त्याला तपासून, इंजेक्शन किंवा गोळ्या देऊन पाठवायला थोडा वेळ लागतो, आणि तो बहुधा उभाच असतो. ट्रॉली अडते ती ज्याला दाखल करायचे ठरले आहे पण ज्याच्यासाठी वर खाट रिकामी नाही त्या रुग्णामुळे. दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबायचे तेव्हा पावसाला शिव्या बसत, पण भरतीच्या वेळी समुद्राकडचा निचराच थांबलेला असे. अपघात विभागाचे तसेच आहे. वॉर्डातला रुग्ण घरी जात नाही, कारण त्याचा एमआरआय उद्यावर गेला आहे, किंवा त्याला न्यायला गावाहून कोणी आलेले नाही. त्यामुळे आयसीयूतला रुग्ण वॉर्डात उतरत नाही आणि खालच्या ट्रॉलीवरचा रुग्ण आयसीयूत चढत नाही. त्यात पालघर, रायगड, भिवंडी, कल्याण इथून पाठवलेले रुग्ण येतात, आणि उपनगरांतल्या महापालिकेच्या लहान रुग्णालयांत रात्री तज्ज्ञ किंवा आयसीयूची खाट नसल्यामुळे तिथलेही येतात. दाराशी उभे राहून सर्दीवाल्यांना हाकलले तरी ही गर्दी फारशी हलणार नाही.

खासगी रुग्णालयात गर्दी दिसत नाही. इमर्जन्सीत पाच-सहा पडदे, प्रत्येक पडद्याआड एक खाट, मॉनिटरचा मंद आवाज आणि एका रुग्णामागे एकाच नातेवाइकाला परवानगी. ही शांतता मनाला धीर देते हे मी नाकारत नाही. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ चादर आणि गार हवा यांचाही औषधासारखा उपयोग होतो. पण ही शांतता राखण्याची रीत लक्षात घेतली पाहिजे. खाटा भरल्या की दारातच ‘बेड नाही’ असे सांगितले जाते आणि तो रुग्ण रुग्णवाहिकेतून पुढे जातो. पुढे म्हणजे बहुतेक वेळा सायन किंवा केईएम. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात सरकारी रुग्णालयांना बजावले, की खाट नाही म्हणून गंभीर रुग्णाला परत पाठवणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याआधी 1989 च्या निकालाने जखमीवर तातडीचे उपचार करण्याचे बंधन सरकारी आणि खासगी अशा सगळ्याच डॉक्टरांवर घातले होते. प्रत्यक्षात खासगी दारात प्राथमिक उपचारांनंतर ‘पुढे न्या’ म्हणण्याची वाट उरते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाला पुढे कुठे पाठवायला जागाच नाही. एका दाराची शांतता आणि दुसऱ्या दाराची गर्दी यांचा हिशेब मी तरी आता एकत्रच मांडतो.

एवढे सगळे कळत असूनही, कार्ड हातात असताना मी वडिलांना पहिल्यांदा खासगी रुग्णालयातच नेले होते आणि पुन्हा तसेच करण्याची माझी तयारी होती. मन बदलले ते एका कटकटीमुळे. ती पैशांची नाही आणि वागणुकीचीही नाही. सगळे नम्रपणे बोलत होते. ती कटकट म्हणजे ‘सर येतायत’ हे वाक्य.

रात्री खासगी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत रुग्णाला पाहतो तो ड्यूटी डॉक्टर. काही मोठ्या रुग्णालयांत तो इमर्जन्सी मेडिसिन शिकलेला असतो (आपल्याकडे 2009 मध्ये ती स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्य झाली), पण पुष्कळ ठिकाणी तो आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) असतो. तो मेहनती असतो, पण निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे नसतो. निर्णय घेणारे तज्ज्ञ घरी झोपलेले असतात आणि फोनवरून सूचना देतात. आमच्या वेळी ईसीजी लगेच झाला, रक्त लगेच गेले, ऑक्सिजन लागला, फोनवरच्या सांगण्यावरून इंजेक्शनही दिले गेले. मग मुख्य प्रश्न आला, की हा दम हृदयाचा आहे की फुप्फुसाचा, आणि माणसाला आयसीयूत न्यायचे की वॉर्डात. हृदयरोगतज्ज्ञांचे फोनवर म्हणणे पडले, की आधी छातीच्या डॉक्टरांना पाहू द्या. छातीच्या डॉक्टरांचे म्हणणे पडले, की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर बोलू. आणि टूडी इको काढणारे सकाळी येणार होते. दर थोड्या वेळाने मी काउंटरशी जाऊन विचारावे आणि ‘सर येतायत’ हे ऐकून परत यावे, असे उजाडेपर्यंत चालले. त्या रात्री ज्यांच्या नावाने पुढे बिल लागले त्यांपैकी एकानेही वडिलांना डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. याच वेळात माझ्या मात्र बऱ्याच सह्या झाल्या, कारण टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) फॉर्म, संमतिपत्रे आणि अनामत रकमेची पावती यांना कोणाच्या येण्याची वाट पाहावी लागत नाही.

त्यानंतरच्या खेपेला, थोडेसे नाइलाजाने आणि थोडेसे जवळ म्हणून, आम्ही महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. केस पेपरच्या खिडकीपाशी रांग होती. अपघात विभागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रांगेतूनच वडिलांच्या ओठांकडे पाहून ट्रॉली पुढे घ्यायला लावली, केस पेपरवर ‘मेडिसिन’ असे लिहिले आणि पलीकडे हात केला. तिथे, ज्या युनिटचा त्या दिवशी इमर्जन्सी डे (तातडीचे रुग्ण घेण्याची पाळी) होता त्याचा रेसिडेंट डॉक्टर उभा होता. तिशीही न गाठलेला, दाढी वाढलेली, बहुधा आदल्या सकाळपासून जागा. त्याने वडिलांना विचारले, ‘बाबा, रात्री उश्या किती घेता?’ वडील म्हणाले, पूर्वी एक, आता तीन, आणि गेले काही दिवस तर खुर्चीतच झोपतो. मग त्याने नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला आणि उमटलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहत राहिला. पाठीला स्टेथोस्कोप लावला, खालून वर. ‘पाणी भरलंय, हृदयाचं आहे,’ असे त्याने शेजारच्या ज्युनियरला सांगितले, इंजेक्शन लिहिले, आणि मेडिसिनच्या आयसीयूत खाट नाही हे कळल्यावर स्वतः जाऊन कुठल्या रुग्णाला वॉर्डात हलवता येईल ते पाहून आला. उश्यांचा प्रश्न खासगी रुग्णालयात कोणी विचारलाच नव्हता. तो फोनवरून विचारता येत नाही असे नाही, पण फोनवर बोलणाऱ्याला तो सुचला नाही.

हा एका रात्रीचा योगायोग असू शकतो, आणि एखाद्याचा अनुभव नेमका उलटा असेल तर मी वाद घालणार नाही. पण यामागे व्यवस्थेतला एक फरक आहे आणि तो योगायोगाचा नाही. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, बालरोग, स्त्रीरोग, भूल या शाखांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर रात्रभर आवारातच असतात; अडले तर वरचा लेक्चरर आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असतो. त्यांच्यावर रुग्णांचा बोजा अमानुष असतो, ते थकलेले असतात, कधी तुटक बोलतात, पण निर्णय घेण्यासाठी कोणाच्या येण्याची वाट पाहत नाहीत. पडद्याआडच्या खाटेवर निर्णयाविना पडून राहण्यापेक्षा गर्दीतल्या ट्रॉलीवर निर्णय झालेला बरा, असे मला वाटू लागले आहे.

अर्थात महापालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरल्या पाहिजेत. तिथे नातेवाईक हाच अर्धा वॉर्डबॉय असतो. ट्रॉली ढकलायची, रक्ताची नळी लॅबमध्ये नेऊन द्यायची, एक्स-रेची फिल्म आणायची, साठ्यात नसलेले औषध बाहेरच्या दुकानातून आणायचे, ही कामे तुम्हालाच करावी लागतात. एकट्या बाईने म्हाताऱ्या नवऱ्याला घेऊन जाणे तिथे फार कठीण आहे, आणि हा एकच मुद्दा कित्येक घरांच्या बाबतीत निर्णय फिरवायला पुरेसा आहे. किमान दोन धडधाकट माणसे सोबत असावीत: एक ट्रॉलीपाशी, एक धावायला. संडासांविषयी न लिहिलेले बरे. जंतुसंसर्गाचा धोका जमिनीवरच्या गाद्यांमुळे वाढतो, हे तिथले डॉक्टरही मान्य करतात.

आणि गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की सतत हजर असलेला डॉक्टरही पुरा पडत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि त्यांत 12 नवजात अर्भके होती. दोन्ही वेळी प्रशासनाने सांगितले, की बरेच रुग्ण इतर ठिकाणांहून अखेरच्या अवस्थेत आले होते. त्यात तथ्य असेलही, कारण खासगीत पैसे संपले की रुग्ण सरकारीत हलवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. पण आत पडलेल्या माणसाला त्या स्पष्टीकरणाचा उपयोग नसतो. म्हणून माझा कल मुंबईतल्या मोठ्या, महाविद्यालय जोडलेल्या रुग्णालयांपुरता आहे. ‘सरकारी’ अशी सरसकट पाटी वाचून कोणी निर्णय घेऊ नये.

खासगी रुग्णालय निःसंशय सरस ठरते अशाही काही वेळा आहेत. हार्ट अटॅकचे निदान ईसीजीवर स्पष्ट झाले असेल, जवळच्या खासगी रुग्णालयात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) रात्रीही चालू असेल आणि तिथली टीम अर्ध्या तासात जमते हे तुम्हाला आधीपासून माहीत असेल, तर तिकडेच जावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून साधारण 90 मिनिटांत बंद नस उघडणे हे त्या आजारातले ध्येय असते आणि तिथे गर्दीत एक मिनिटही घालवू नये. ज्याची शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा डायलिसिस एका ठरावीक खासगी रुग्णालयात चालू आहे त्यानेही तिथेच जावे, कारण जुनी फाइल आणि ओळखीचा डॉक्टर तिथे आहे. पक्षाघातात मात्र मी आधी फोन करून विचारीन. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सीटी स्कॅन आत्ता होईल का आणि तो पाहून इंजेक्शनचा निर्णय घेणारा डॉक्टर आत्ता आहे का, या 2 प्रश्नांना जिथून सरळ ‘हो’ येईल ते रुग्णालय निवडावे. ‘तुम्ही या तर खरे’ हे त्याचे उत्तर नव्हे.

याउलट साप चावला, कुत्र्याने खोलवर चावा घेतला, विष पोटात गेले किंवा रस्त्यावर अपघात झाला, तर विचार करत बसू नये. सरकारी किंवा महापालिकेचे मोठे रुग्णालयच गाठावे. सर्पविषावरचे प्रतिविष, रेबीजची इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आणि अशा रुग्णांचा रोजचा सराव तिथे असतो, आणि एमएलसीच्या (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या प्रकरणांच्या) कागदपत्रांचा बाऊ तिथे होत नाही. सायनच्या रुग्णालयात रेल्वे आणि महामार्गांवरचे जखमी वर्षानुवर्षे येत आले आहेत. अनेक हाडे मोडलेला माणूस तिथे कोणाला नवलाचा वाटत नाही.

पैशांविषयी थोडेच लिहितो, कारण कार्ड असणाऱ्याला तो मुद्दा निर्णायक वाटत नाही. कॅशलेसच्या अर्जावर 1 तासात निर्णय द्यावा असा विमा नियामकाचा 2024 पासूनचा दंडक आहे, पण रात्री टीपीएच्या टेबलावर माणूस नसला की अनामत भरावीच लागते. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाकडे अनामत न मागता उपचार सुरू करणे बंधनकारक आहे, आणि मुंबईतली बरीच नामांकित खासगी रुग्णालये धर्मादायच आहेत. तिथे हे वाक्य शांतपणे म्हणून पाहावे. दुसरे असे, की बहुतेक पॉलिसींत 24 तास दाखल राहिल्याशिवाय क्लेम बसत नाही. सहा तास देखरेखीखाली ठेवून घरी सोडता येईल असा रुग्ण त्यामुळे रात्रभराचा होतो आणि शांत दिसणाऱ्या इमर्जन्सीतही खाट अडते.

गल्लीतल्या नर्सिंग होमला मी तिसरा पर्याय धरत नाही. ईसीजी काढण्यासाठी आणि ऑक्सिजन लावून रुग्णवाहिकेची वाट पाहण्यासाठी ते उत्तम आहे, तिथे रात्र काढण्यासाठी नाही. 2014 पासून चालू असलेल्या 108 च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि ती सहसा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे वळते, हेही हिशेबात धरावे.

आमच्या घरी आता ठरले आहे ते असे. रात्रीचा दम, बेशुद्धी, रक्ताची उलटी, म्हणजे जिथे निदान अजून व्हायचे आहे तिथे महापालिकेचे मोठे रुग्णालय. निदान आधीच झाले आहे आणि उपचाराची जागा ठरलेली आहे तिथे खासगी. पिशवीत जुने ईसीजी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आधार कार्ड, पाण्याची बाटली, एक चादर आणि सुटे पैसे असतात. पहिली रात्र निभावल्यावर, रुग्ण हलवण्याजोगा आहे असे डॉक्टर म्हणाले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खासगीत स्वतंत्र खोली घ्यायला कार्ड उपयोगी पडते आणि आम्ही तसे केलेही. तिकडच्या डॉक्टरांनी औषधांत फारसा बदल केला नाही. उलट दिशेने, म्हणजे खासगीतून महापालिकेच्या आयसीयूत जायचे असेल, तर आधी फोनवर खाट मिळते का ते विचारून घ्यावे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला रुग्णवाहिकेत ठेवून ती शोधू नये.